डीव्हीडीचा मेन्यू संगणकावर चालतो, टीव्हीवर अडकतो: सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरचं जुनं-नवं चित्रण जमवलं, एका सॉफ्टवेअरमध्ये छान मेन्यू केला, मागे फोटो लावला, चार बटणं ठेवली. संगणकात डिस्क घातली तर सगळं सुरळीत. तीच डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की बाणाचं बटण दाबूनही काही हलत नाही. कधी उजळणारी चौकट बटणावर न बसता खाली घसरते, तर कधी पहिला व्हिडिओ संपल्यावर पडदा काळा होतो आणि मेन्यू परत येतच नाही. मग प्रश्न येतो, "यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" माणूस नवं सॉफ्टवेअर घेतो, पुन्हा पहिल्यापासून मेन्यू करतो आणि दोन डिस्क वाया गेल्यावर परत तोच प्रश्न विचारतो.

मी या फेऱ्यातून गेले आहे. आत्यासाठी जुन्या कॅसेटवरचं चित्रण डीव्हीडीवर उतरवत होते. तिला मोबाइलवर व्हिडिओ शोधणं जमत नाही, रिमोट मात्र तिच्या हाताला सरावाचा आहे. त्यामुळे मेन्यू असलेली डिस्क हाच तिच्या सोयीचा मार्ग होता. पहिली डिस्क पाठवली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अगं, पहिलं लागतं, तिसरं लागतं, पण दुसऱ्यावर जाताच येत नाही." माझ्या संगणकावर दुसरं बटण व्यवस्थित चालत होतं. मी सॉफ्टवेअर बदललं. नव्या डिस्कवर दुसरं बटण लागलं, पण व्हिडिओ संपल्यावर मेन्यू येईना. पुन्हा सॉफ्टवेअर बदललं, तर चौकट सरकली.

तीन सॉफ्टवेअरमध्ये तीन दोष निघाले. तिन्ही वेळा खरी अडचण एकच होती: मेन्यूच्या आत काय लिहिलं जातंय ते मला दिसत नव्हतं. म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते, टेम्प्लेट किती सुंदर आहेत ते सगळ्यात शेवटी पाहा. बटणांची आतली जोडणी उघडून दाखवणारं आणि बर्न न करताही तयार फोल्डर काढून देणारं सॉफ्टवेअर घ्या. असं का, ते पुढे एकेका दोषावरून येईलच.

आधी दोष मेन्यूचाच आहे ना?

प्लेअर डिस्क ओळखतच नसेल तर मेन्यूपर्यंत जाऊ नका. संगणकावर डिस्क उघडा. मुळाशी व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) नावाचं फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन जातींच्या फाइल दिसायला हव्यात. त्याऐवजी एमपी४ फाइल दिसत असतील, तर ती साधी डेटा डिस्क झाली आहे. काही प्लेअर ती चालवतात, बरेच चालवत नाहीत, आणि मेन्यू तर तिच्यात नसतोच. फोल्डर बरोबर असूनही डिस्क लागत नसेल, तर ती फायनलाइज, म्हणजे लिहून झाल्यावर बंद, झाली आहे का ते बघा. अर्धवट उघडी राहिलेली डिस्क ज्याने लिहिली तो रायटर वाचतो, बाकीचे नाकारतात.

चित्र दिसतं पण आवाज नाही, हाही मेन्यूचा दोष नव्हे. डीव्हीडीवर एएसी किंवा एमपी३ आवाज चालत नाही. एसी-३ (डॉल्बी डिजिटल) किंवा एलपीसीएम (न दाबलेला आवाज) घ्या, तोही ४८ किलोहर्ट्‌झचा. गाण्यांच्या सीडीवरून घेतलेला ४४.१ किलोहर्ट्‌झचा आवाज तसाच ठेवला तर काही सॉफ्टवेअर तो बदलून घेतात, काही घेत नाहीत. घरच्या चित्रणासाठी एसी-३, दोन चॅनल, १९२ किलोबिट एवढं ठरवून टाकलं की हा प्रश्न पुन्हा उभा राहत नाही.

आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत जात असेल, तर व्हिडिओ मोबाइलवर काढलेला आहे का ते आठवा. मोबाइल उजेड पाहून फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. डीव्हीडीला मात्र ठरलेला वेगच लागतो, पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि अमेरिका-जपानकडच्या एनटीएससीत २९.९७. अशा फाइल आधी हँडब्रेकसारख्या साधनातून स्थिर फ्रेमवेगाच्या करून घ्या, मगच मेन्यूच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, त्याचं काम तेवढंच.

माउस बाजूला ठेवा

आता मेन्यूकडे. संगणकावर आपण माउसने थेट हव्या त्या बटणावर टिचकी मारतो. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाकडे चार बाण आणि मधलं बटण एवढंच असतं. डीव्हीडीच्या मेन्यूत प्रत्येक बटणासोबत चार शेजारी नोंदवलेले असतात: वरचा बाण दाबला तर कुठे जायचं, खालचा दाबला तर कुठे, तसंच डावा-उजवा. प्लेअर स्वतः डोकं चालवत नाही. तिथे जो क्रमांक लिहिला असेल त्या बटणावर तो जातो. माउस या नोंदींकडे पाहतच नाही, त्यामुळे नोंद चुकली असली तरी संगणकावर सगळं ठीक वाटतं.

आत्याच्या पहिल्या डिस्कवर हेच झालं होतं. फोटोतला एक चेहरा झाकला जाऊ नये म्हणून मी दुसरं बटण थोडं उजवीकडे सरकवलं होतं. सॉफ्टवेअरने शेजारी आपोआप ठरवताना पहिल्याच्या सरळ खाली कोण आहे ते पाहिलं आणि तिथे तिसऱ्याचा क्रमांक लिहिला. तिसऱ्यावरून वर गेलं की पुन्हा पहिलं. दुसऱ्या बटणाकडे नेणारी एकही वाट उरली नव्हती.

तपासायची पद्धत सोपी आहे. सॉफ्टवेअरकडून बर्न न करता फक्त फोल्डर बनवून घ्या. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये डिस्क उघडण्याच्या पर्यायातून ते फोल्डर दाखवा. मग माउसला हात न लावता कीबोर्डवरचे चार बाण आणि एंटर एवढ्यावरच सगळा मेन्यू फिरा. शेजारी कागद घ्या. बटणं जशी पडद्यावर आहेत तशी चौकोनात काढा, त्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक बाण दाबल्यावर कुठे पोचलात ते बाणाने जोडा. सहा बटणांचा मेन्यू असेल तर पाच मिनिटांत चित्र तयार होतं, आणि ज्या चौकोनात एकही बाण शिरत नाही ते तुमचं हरवलेलं बटण. शेवटच्या बटणावरून खाली गेलं की पहिल्यावर यावं, एवढी जोडणीही करून ठेवा. वयस्कर माणसांना उलट दिशेने परत चढत जाणं कंटाळवाणं होतं.

डीव्हीडीस्टायलर या मेन्यू बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणाच्या गुणधर्मांत या चार दिशा वेगवेगळ्या ठरवता येतात. आपोआप हा पर्याय काढून क्रमांक हाताने दिले की काम झालं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये या चार दिशा कुठेच दिसत नसतील, तर दोनच मार्ग उरतात: बटणं सरळ एका रांगेत ठेवा, नाहीतर ते सॉफ्टवेअर सोडा. बटणांची क्षेत्रं एकमेकांवर चढू देऊ नका. मोठ्या अक्षरांचं नाव ठेवलं की क्षेत्र शेजारच्या बटणात घुसतं आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही.

चौकट बटणावर का बसत नाही

मेन्यूत दोन थर असतात हे समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. खालचा थर म्हणजे चित्र किंवा हलता व्हिडिओ, त्यात बटणंही रंगवलेली असतात. त्यावर उपचित्राचा पारदर्शक थर असतो आणि निवडलेलं बटण उजळतं ते या वरच्या थरात. या उपचित्राला एका वेळी फक्त चारच रंग मिळतात, त्यातला एक बहुधा पारदर्शक जागेसाठी खर्च होतो. उरले तीन. त्यामुळे सावली, मऊ कडा, रंगांची उतरंड असलं काही हायलाइटमध्ये येणार नाही. सॉफ्टवेअरच्या खिडकीत ते दिसलं तरी डिस्कवर कडा दातेरी होतात. हायलाइटसाठी जाड, सपाट आकार घ्या: बटणाखाली ठसठशीत रेघ, बाजूला भरीव त्रिकोण किंवा जाड चौकट. एका पिक्सेलची बारीक आडवी रेघ जुन्या टीव्हीवर थरथरते, कारण तिथे चित्र एकाआड एक ओळींनी रंगवलं जातं आणि ती रेघ दोनपैकी एकाच फेरीत येते.

आता सरकणाऱ्या चौकटीविषयी. आत्याच्या तिसऱ्या डिस्कवर सगळ्यात वरच्या बटणाची चौकट बटणाच्या वर दिसत होती, सगळ्यात खालच्याची खाली, आणि मधलं बटण मात्र नेमकं बरोबर. तुमच्याकडेही असंच दिसत असेल तर निदान झालंच म्हणून समजा. मेन्यू १६:९ चा आहे आणि प्लेअरमध्ये टीव्हीचं प्रमाण ४:३ असं निवडलेलं आहे. अशा वेळी प्लेअर मेन्यूचं चित्र वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून मधोमध आवळतो, म्हणजे पालमधल्या ५७६ ओळींचं चित्र ४३२ ओळींत बसवतो. उपचित्र मात्र तो आवळत नाही. रुंद मेन्यूसाठी डिस्कवर दोन उपचित्रं असावी लागतात, एक पूर्ण पडद्यासाठी आणि एक पट्ट्यांच्या चित्रासाठी. दुसरं नसेल किंवा पहिल्याचीच नक्कल असेल तर चौकट मूळ जागीच राहते आणि बटण तिच्याखालून निघून जातं.

आत्याला फोनवरून प्लेअरची सेटिंग १६:९ करायला सांगितली आणि चौकट जागेवर आली. पण डिस्क दहा घरी जाणार असेल तर दहा जणांना असं सांगत बसता येत नाही. दोन्ही उपचित्रं बनवणारं सॉफ्टवेअर घ्यावं हा एक उपाय. दुसरा त्याहून सोपा: मेन्यू ४:३ चा करा आणि व्हिडिओ १६:९ चेच ठेवा. मेन्यूचं प्रमाण आणि व्हिडिओचं प्रमाण डिस्कवर स्वतंत्र नोंदवलेलं असतं, त्यामुळे हे पूर्णपणे नियमात बसतं. यात बटणंही जास्त मावतात. एकाच उपचित्राच्या मेन्यूवर ३६ बटणं बसतात, दोन उपचित्रं लागली की मर्यादा १८ वर येते. रुंद मेन्यूवर एकोणिसावं बटण ठेवलं आणि सॉफ्टवेअरने नाकारलं, तर कारण हेच असतं.

मेन्यूची पार्श्वभूमी बाहेर रंगवत असाल तर आकाराचा एक सापळा आहे. डीव्हीडीचं चित्र पालमध्ये ७२० बाय ५७६ असतं, पण त्याचे पिक्सेल चौकोनी नसतात. थेट त्या मापाचं चित्र काढलं तर १६:९ च्या पडद्यावर माणसं आडवी फुगतात. १६:९ साठी १०२४ बाय ५७६ आणि ४:३ साठी ७६८ बाय ५७६ या मापात चित्र रंगवा, मग शेवटी ७२० बाय ५७६ मध्ये दाबा. आणि बटणं, नावं कडांपासून दूर ठेवा. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात. प्रत्येक बाजूला दहा टक्के जागा सोडायची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते.

व्हिडिओ संपल्यावर काय होतं

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी प्लेअरला एक हुकूम लागतो: आता मेन्यूवर जा, किंवा पुढचा व्हिडिओ लाव. हा हुकूम लिहिलेलाच नसेल तर प्रत्येक प्लेअर आपल्या परीने वागतो. कुणी थांबतो, कुणी स्वतःचं चिन्ह दाखवतो, कुणी काळा पडदा धरून बसतो. संगणकावरचे प्लेअर बरेच सांभाळून घेणारे असतात, त्यामुळे तिथे हा दोष लपतो. डीव्हीडीस्टायलर नव्या व्हिडिओला आपणहून "मागच्या मेन्यूवर परत जा" असा अंत्य हुकूम लावतं. तो टायटलच्या, म्हणजे त्या व्हिडिओच्या, गुणधर्मांत दिसतो आणि बदलताही येतो. तपासताना व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायची गरज नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटावर उडी मारा आणि तिथून हात न लावता संपू द्या. पुढच्या प्रकरणावर (चॅप्टरवर) नेणारं बटण दाबून शेवटाला पोचलात तर काही प्लेअर वेगळी वाट घेतात आणि खरा दोष सापडत नाही.

मेन्यूलाही शेवट असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. स्थिर चित्राच्या मेन्यूला अनंत काळ थांबण्याची सूचना हवी. मागे संगीत किंवा हलतं चित्र असेल तर ते संपल्यावर पुन्हा सुरुवातीला जाण्याचा हुकूम हवा. तो नसला की मेन्यू वीस सेकंद दिसतो आणि कुणी काही दाबायच्या आत पहिला व्हिडिओ सुरू होतो. पुन्हा सुरुवातीला जाताना क्षणभर चित्र अडखळतं, ते मात्र सहन करावं लागतं. प्लेअरचं वाचणारं डोकं मागे जातं तेवढा वेळ लागणारच. म्हणून हलता मेन्यू पंधरा सेकंदांचा न ठेवता मिनिटभराचा ठेवा, अडखळणं कमी वेळा येईल. शक्य असेल तर मी स्थिर मेन्यूच सुचवते. बटण शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मागचं चित्र हलत राहिलं तर त्रास होतो.

प्रकरणांचा मेन्यू करताना एक नियम आडवा येतो आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो टाळू शकत नाही. डिस्कचा सगळ्यात वरचा, म्हणजे मुख्य मेन्यू थेट एखाद्या व्हिडिओच्या पाचव्या प्रकरणावर उडी मारू शकत नाही. त्याला फक्त व्हिडिओच्या सुरुवातीला किंवा खालच्या टायटलसेटच्या (व्हिडिओंच्या एका गटाच्या) मेन्यूवर जाता येतं. प्रकरणांची बटणं त्या खालच्या मेन्यूत असावी लागतात. काही सॉफ्टवेअर ही व्यवस्था पडद्यामागे लावून देतात, काही चूक दाखवून थांबतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही गप्प राहून प्रत्येक बटणाला व्हिडिओच्या सुरुवातीशी जोडतात. "कोणतंही प्रकरण निवडलं तरी व्हिडिओ पहिल्यापासून लागतो" या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. प्रकरणांचा मेन्यू टायटलसेटखाली हलवा, तक्रार जाईल.

प्रकरण नेमक्या क्षणी न लागता किंचित आधी-नंतर लागत असेल, तर त्यामागे वेगळं कारण आहे. प्रकरण फक्त फ्रेमगटाच्या, म्हणजे एकत्र दाबलेल्या फ्रेमच्या तुकड्याच्या, सुरुवातीलाच लावता येतं. पालमध्ये असा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमचा असतो, म्हणजे चूक अर्ध्या सेकंदाच्या आसपास. हा दोष सोडून द्या.

जुनं ४:३ आणि नवं १६:९ एकत्र असेल तर

घरच्या डिस्कमध्ये हे हमखास येतं. कॅसेटवरचं चित्रण ४:३ असतं आणि अलीकडचं मोबाइलवरचं १६:९. एका टायटलसेटमधल्या सगळ्या व्हिडिओंना प्रमाण आणि आवाजाची रचना एकच असावी लागते. सगळं एकत्र टाकलं की कुणाचा तरी चेहरा लांबुडका नाहीतर पसरट होतो. दोन टायटलसेट करा, एक जुन्या चित्रणाचा आणि एक नव्याचा, आणि मुख्य मेन्यूवरून दोन्हींकडे बटणं द्या. सॉफ्टवेअर दुसरा टायटलसेट जोडूच देत नसेल, तर ते घरच्या डिस्कसाठी अपुरं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर मोबाइलवरच्या रुंद चित्राला वर-खाली काळ्या पट्ट्या लावून तेही ४:३ करावं लागतं. चालतं, पण चित्र लहान होतं.

मिनीडीव्ही कॅसेटवरून घेतलेलं चित्र हलताना कंगव्यासारखं फाटत किंवा थरथरत असेल, तर ओळींचा क्रम तपासा. डीव्ही चित्रणात खालच्या ओळी आधी येतात. रूपांतर करताना वरच्या आधी असं चुकून निवडलं की हात हलवणारा माणूस मागे-पुढे झटके खाताना दिसतो. मूळचा क्रम तसाच ठेवा, डीव्हीडीला दोन्ही क्रम चालतात.

मग सॉफ्टवेअर कोणतं

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येण्याचं एक कारण सोपं आहे. लोक वापरत होते ती साधनं एकेक करून बंद पडली. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये होतं, विंडोज ८ पासून काढलं गेलं. अ‍ॅपलचं आयडीव्हीडी थांबलं, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकने ३२-बिट प्रोग्राम चालवणं सोडल्यावर जुनी प्रतही निकामी झाली. अ‍ॅडोबी एन्कोरची शेवटची आवृत्ती २०१२ ची, सीएस६ सोबतची. एन्कोरमध्ये फोटोशॉपच्या थरांना ठरावीक खुणांची नावं देऊन बटणं आणि हायलाइट बनवता येत. मेन्यूवर तेवढा ताबा देणारी साधनं थोडीच झाली. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे आणि चालतंय, त्यांनी बदलायचं काही कारण नाही.

आज नव्याने सुरुवात करायची तर मी आधी डीव्हीडीस्टायलर सांगते. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याची टेम्प्लेट जुनाट दिसतात हे खरं, पण पार्श्वभूमीला स्वतःचं चित्र लावता येतं, बटणांच्या दिशा ठरवता येतात, टायटलसेट वाढवता येतात, आधीचे आणि नंतरचे हुकूम लिहिता येतात आणि नुसतं फोल्डर किंवा आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) काढता येतं. वर सांगितलेले जवळजवळ सगळे दोष त्यात उघडून पाहता येतात, आणि माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

डीव्हीडी फ्लिक अनेकांनी वापरलं आहे आणि व्हिडिओ रूपांतर करून डिस्क करण्यात ते सोपं आहे. पण मेन्यू तयार साच्यातलेच घ्यावे लागतात. स्वतःचा मेन्यू हवा असेल तर तिथे वेळ घालवू नका. लिनक्सवर डेव्हेडेही साध्या मेन्यूपुरतंच. बोम्बोनोत मेन्यू आखण्याला जास्त वाव आहे.

टीएमपीजीईएनसी ऑथरिंग वर्क्स विकत घ्यावं लागतं आणि फक्त विंडोजवर चालतं, पण त्याच्या दोन गोष्टी खर्चाला न्याय देतात. आधीच नियमात बसणारा एमपीईजी-२ व्हिडिओ ते पुन्हा रूपांतरित करत नाही, कापलेल्या जागांपुरतंच करतं. डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवलेलं जुनं चित्रण असेल तर दर्जा जसाच्या तसा राहतो. शिवाय ते ब्लू-रेही करतं. डीव्हीडीस्टायलर ब्लू-रे करत नाही. टीएसमक्सर ब्लू-रेची रचना बनवतं, पण मेन्यूशिवाय.

ज्यांना आज्ञा लिहायची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी डीव्हीडीऑथर आहे. डीव्हीडीस्टायलरच्या पोटात तेच काम करतं. मेन्यूची सगळी रचना एक्सएमएल फाइलींमध्ये लिहायची: कोणतं बटण कुठे, दिशा कोणत्या, शेवटी कुठे जायचं. पहिल्यांदा वेळ लागतो, पण एकदा लिहिलेल्या फाइल पुढच्या दहा डिस्कना चालतात. आणि डिस्क आधीच झाली आहे, फक्त एखादा हुकूम चुकला आहे अशा वेळी पीजीसीएडिट उघडा. ते तयार फोल्डरमधले हुकूम वाचून दाखवतं, एकेक पायरीने चालवून बघू देतं आणि जागच्या जागी दुरुस्त करू देतं. व्हिडिओ पुन्हा रूपांतरित करायला तासन्‌तास घालवावे लागत नाहीत. आत्याच्या दुसऱ्या डिस्कचा अंत्य हुकूम मी असाच लावला, दहा मिनिटांत.

जागा आणि बर्निंग

मेन्यू सगळा बरोबर असूनही व्हिडिओ मध्येच अडकत असेल तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाचावी लागते ते, पाहा. एका थराच्या डिस्कवर लिहिलेले ४.७ जीबी संगणकावर ४.३७ दिसतात, ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. दोन तासांचं चित्रण बसवायचं तर आवाज आणि मेन्यू वजा जाता व्हिडिओला सेकंदाला पावणेपाच मेगाबिटच्या आसपास मिळतात. दीड तास असेल तर साडेसहाच्या आसपास. नियमात व्हिडिओची कमाल ९.८ मेगाबिट असली तरी घरी बर्न केलेल्या डिस्कवर आठच्या वर जाऊ नका, जुने प्लेअर तिथे धापा टाकतात. हातात धरून काढलेलं, हलणारं चित्रण जास्त बिट मागतं. तीन तास एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन डिस्क करा.

फोल्डर तपासून झालं की आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर बर्न करा आणि खऱ्या प्लेअरवर, खऱ्या रिमोटने फिरून बघा. काही जुने प्लेअर अशा डिस्क वाचत नाहीत, कारण त्यांच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो. तेव्हा डिस्क नाकारली म्हणून लगेच मेन्यूला दोष देऊ नका, दुसऱ्या प्लेअरवर लावा. अंतिम प्रत मध्यम वेगाने लिहा आणि पडताळणी चालू ठेवा. विंडोजवर इमेजबर्न हे काम अजून चोख करतं, नवी आवृत्ती २०१३ नंतर आलेली नसली तरी. एकाच जुन्या प्लेअरवर डीव्हीडी प्लस आर लागत नसेल, तर रायटर परवानगी देत असल्यास तिचा बुकटाइप (डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करून पाहा.

बर्न झाल्यावर काम संपलं असं समजून प्रोजेक्ट फाइल तेवढी ठेवून बाकी पुसू नका. प्रोजेक्ट फाइल त्या सॉफ्टवेअरच्या आयुष्याइतकीच जगते. एन्कोर आणि आयडीव्हीडीच्या किती फाइल लोकांच्या हार्डडिस्कवर आज उघडता न येणाऱ्या पडून आहेत. आत्याच्या डिस्कच्या फोल्डरमध्ये मी या गोष्टी ठेवल्या आहेत: तयार आयएसओ, मूळ चित्रणाच्या फाइल न कापता, पार्श्वभूमीचं १०२४ बाय ५७६ चं चित्र, हायलाइटचं वेगळं चित्र, आणि सहा चौकोन व त्यांच्यातले बाण काढलेल्या त्या कागदाचा फोटो.